व्यवसायाचे स्वरूप आणि हृदयविकार
कामातील हालचाल, ताण, कामाचे तास आणि कामाच्या जागेवरील रसायने यांचा हृदयरोहिणीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीच्या) विकाराशी असलेला संबंध. या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया लंडनच्या दुमजली बसगाड्यांत घातला गेला. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर तिकिटे देत वरखाली करणारा कंडक्टर दिवसाकाठी सुमारे ६०० पायऱ्या चढे. मुंबईच्या जुन्या दुमजली बेस्ट गाडीतला अरुंद जिना आणि चिमट्याची टिकटिक आठवली, की या आकड्याचे नवल वाटत नाही. कंडक्टरांमध्ये हा विकार कमी आढळला, आणि झालाच तर उशिरा व सौम्य स्वरूपात.

निष्कर्ष मात्र वाटला तितका सरळ नव्हता. गणवेश शिवण्यासाठी नोंदवलेली मापे मॉरिस यांनी १९५६ मध्ये तपासली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांच्या विजारीही कंबरेत अधिक रुंद निघाल्या. म्हणजे कामामुळे शरीर बदलते की मुळात वेगळ्या प्रकृतीची माणसे वेगळे काम पत्करतात, हा प्रश्न उरलाच.

लंडनमधील सुमारे १८,००० पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने दुसरा समज मोडला. हृदयविकार हा साहेबलोकांचा आजार मानला जाई. प्रत्यक्षात शिपाई व द्वारपालांमध्ये त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांनी या तफावतीचा काही भागच उलगडला. पुढच्या अभ्यासात आपल्या कामावर आपलाच ताबा नसणे हे एक कारण पुढे आले.

कामाच्या तासांबाबत जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अंदाज असा, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त असतो.

रसायनांपैकी रेयॉन कारखान्यांतील कार्बन डायसल्फाइड हृदयाला अपायकारक म्हणून ज्ञात आहे. डायनामाइट कामगारांची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. डायनामाइटमधील स्फोटक द्रव्य असलेल्या नायट्रोग्लिसरिनने आठवडाभर रुंदावलेल्या रक्तवाहिन्या सुटीत ते न मिळाल्याने आकसत, त्यामुळे छातीत कळा येत आणि काहींना सोमवारी सकाळी अकस्मात मृत्यू येई. छातीतील कळ थांबवण्यासाठी डॉक्टर जिभेखाली ठेवायला देतात, ते औषधही हेच.