पीसीओडी आणि दिवस राहणं (ग्रामीण विदर्भ)

पीसीओएस, ज्याला गावात आणि दवाखान्यातही सगळे पीसीओडीच म्हणतात, हा बाईच्या हार्मोनचा बिघाड आहे. अंडाशयात अंडी असतात, उलट भरपूर असतात, पण महिन्याला एक मोठं होऊन फुटायला पाहिजे ते होत नाही, मग पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही अन् दिवस राहत नाहीत. रिपोर्टवर 'गाठी' वाचून घरात रडारड सुरू होते, पण त्या अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या आहेत, कापून काढायच्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायांना हे असतं.

निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असणं (हनुवटीवर राठ केस वगैरे) आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात, शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आधी तपासून घ्यावं लागतं.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी केल्यावर कितीतरी जणींची पाळी आपोआप सुरळीत होते. पण इकडे दिवसभर निंदण-वेचणी करणारी काटक बाईही पीसीओडीची निघते, तिला "वजन कमी करा" सांगून काय उपयोग? तिला गोळीच लागते.

आणि गोळीच्या आधी नवऱ्याची तपासणी, ही गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते. वीर्य तपासणी स्वस्त असते, तालुक्याच्या लॅबमध्येही होते, तरी सासू सुनेला एका देवळातून दुसऱ्या देवळात नेते आणि मुलगा मात्र पानठेल्यावर बसलेला. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे दोघांची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) टेस्टही तेव्हाच उरकून घ्यावी, दोघं वाहक असले तर प्रत्येक लेकराला आजार व्हायची शक्यता २५ टक्के.

अंडं वाढून फुटावं म्हणून पहिलं औषध आता लेट्रोझोल. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून साधारण पाच दिवस घेतात. हे मुळात स्तनाच्या कॅन्सरचं औषध, म्हणून मोबाईलवर नाव टाकून पाहिलं की बाई घाबरून गोळीच बंद करते. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएसच्या बायांमध्ये बाळंत होण्याचं प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि याच कामाच्या जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के आलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी काहींना सोबत देतात.

खरी अडचण गोळीची नाही, तारखांची आहे. दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी, ज्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात, अंड्याची पिशवी १८ ते २० मिलिमीटरची झाली की फुटायचं इंजेक्शन, आणि पुढच्या साधारण ३६ तासांच्या आसपास संबंध किंवा आययूआय (नळीने वीर्य गर्भाशयात सोडणं). आता सोनोग्राफीवाले डॉक्टर तालुक्याला ठरलेल्याच वारी बसतात, एसटी सकाळची एक, आणि महिना नेमका कापूस वेचणीचा. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याने भाड्याचा भार हलका झाला, पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार! म्हणून दोन महिन्यांत गुण नाही आला की उपचार अर्ध्यावर सुटतो आणि बाई "औषध लागू पडत नाही" म्हणून मोकळी होते.

टेस्ट ट्यूब बेबी शेवटची पायरी, तरी नागपूर-अमरावतीचे बोर्ड बघून काही जण शेत गहाण ठेवून थेट तिथंच पोहोचतात. बाईच्या गर्भनळ्या उघड्या असतील, नवऱ्याचा रिपोर्ट बरा असेल तर आधी लेट्रोझोलचे काही महिने नीट पूर्ण करावेत. पीसीओडीत जोराच्या इंजेक्शनांनी एकदम खूप अंडी वाढतात, पोटात पाणी होऊ शकतं, पोट फुगून दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. २०२१ च्या कायद्याने या सेंटरांना नोंदणी सक्तीची आहे, आणि उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ लागतं.

दिवस राहिले की आशाताईला पीसीओडीचं आधीच सांगून ठेवावं, गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढायचा धोका या बायांना जास्त असतो, आणि शुगरची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.