भरलेल्या वर्षावरून हिशेब करू नका

आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या ऑफिसात येणारे बरेच जण एकच गोष्ट सांगतात : "शेजारच्याचे पैसे शेअर बाजारात दोन वर्षांत दुप्पट झाले म्हणे. आमचेही त्यातच घाला." हे पत्रक त्यांच्यासाठी छापलं आहे.

हापूसच्या बागायतदाराला हे पटवावं लागत नाही. खत तेच, फवारणी तीच, राखणही तीच. तरी एका वर्षी कलमं लगडतात आणि दुसऱ्या वर्षी अवकाळीत मोहोर गळतो. शेअर बाजारात मात्र एका चांगल्या हंगामालाच आपण हुशारी म्हणतो.

1,024 जणांनी नाणं उडवलं आणि काटा पडला तो बाहेर, असं धरा. पहिल्या फेरीनंतर साधारण 512 उरतील, मग 256, आणि दहाव्या फेरीला एखादाच. गावभर त्याचं नाव होईल. बाकीच्या हजारभर लोकांची आठवणही निघणार नाही. शेजाऱ्याला काही कळत नाही, असं आमचं म्हणणं नाही. दोन वर्षांवरून ते ठरत नाही, एवढंच. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर गेला होता, मार्च 2009 मध्ये 8,200 च्याही खाली आला. 2007 च्या दिवाळीत पैसे घातलेला आणि 2009 च्या गुढीपाडव्याला घातलेला, दोघांची अक्कल सारखी असली तरी पदरात पडलं ते निराळं.

धोक्याचंही तसंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या, पिढ्यांनी जपलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. 'इतक्या वर्षांत काही झालं नाही' हे तोवर खरंच होतं, पण पुढच्या वर्षाबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा दुकानाच्या विम्याची चौकशी करायला माणसं धावली. दोन पावसाळे बरे गेले की हप्ता जड वाटू लागतो.

म्हणून आम्ही आधी विचारतो : घर, बाग, होडी, दुकान सगळं एकाच किनाऱ्यावर आहे ना? वादळात ते एकदमच अडकतं. तेव्हा वर्षभराचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवा (एका बँकेत एका ठेवीदाराच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे). सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे बाजारात, तेही दरमहा थोडे. म्हणजे दिवाळी गाठली की पाडवा, यावर सगळं अवलंबून राहत नाही.

येताना जुन्या पॉलिसी, कर्जाचे कागद आणि गेल्या चार हंगामांच्या आंब्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) आणा. वाईट हंगामाची पट्टी विसरू नका. आम्ही तीच आधी पाहतो.