बाळंतिणीच्या मृत्यूचा जाब: मेळघाट ते भंडारा, एका प्रश्नाची पार्श्वभूमी

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की मेळघाटचा विषय बहुतेक वेळा निघतोच. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत किती माता दगावल्या, किती बाळं गेली, रुग्णवाहिका वेळेवर का पोचली नाही, डॉक्टरची जागा रिकामी का होती, असे प्रश्न येतात. मंत्री उत्तर देतात, चौकशीचं आश्वासन मिळतं आणि ते आश्वासन समितीच्या कागदांत जाऊन बसतं. 1953 च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन इथे घेण्याचं ठरलं, ते विदर्भाचं गाऱ्हाणं विदर्भाच्या मातीत ऐकलं जावं म्हणून. बाळंतपणाचं गाऱ्हाणं त्यातलं सगळ्यात जुनं म्हणावं लागेल.

या सगळ्याच्या मागे जाऊन पाहिलं की एक गोष्ट मला सतत दिसते. ज्या मृत्यूची नोंद झाली त्याचाच जाब विचारला गेला, आणि विदर्भात ही नोंद नीट ठेवायला सरकारच्या आधी दुसरेच लोक पुढे आले.

बाळंतपणाचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद कायदेमंडळात पोचून शंभर वर्षं झाली. कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मुंबई कायदेमंडळात 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने घ्यायला हवा, हे त्यांचं म्हणणं होतं. मुंबईचा कायदा 1929 साली झाला. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. मध्य प्रांतानेही 1930 साली तसाच कायदा केला. दोन्ही कायदे कारखान्यातल्या कामगार बाईसाठी होते. निंदणाला आणि कापूस वेचायला रोजीने जाणारी बाई त्यांत नव्हती. 1961 चा केंद्रीय कायदाही कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरताच होता. 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाही वऱ्हाडातल्या शेतमजूर बाईच्या आयुष्यात त्याने काही फरक पडला नाही.

तिचा हक्क संसदेने पहिल्यांदा मानला तो 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात. प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये, असं त्यात लिहिलं आहे. 2017 साली मातृवंदना योजना आली ती 5000 रुपयांची, आणि पहिल्याच बाळंतपणासाठी. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000, ही सोय 2022 साली जोडली. पहिल्या खेपेचे उरलेले हजार दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी असलेल्या जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतात, असा सरकारचा हिशेब. आपल्याकडे खेड्यातल्या बाईला त्या योजनेत 700 रुपये मिळतात, तेही ती दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. बेरीज 5700 होते. कायद्याने ठरवलेल्या रकमेत तीनशे रुपये कमी पडतात आणि ते मागायला कोणी बाई कोर्टात जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सरकारी दवाखान्याचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. 1885 च्या डफरीन फंडातून स्त्रियांची इस्पितळं निघाली. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’च आहे. नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी मातृ सेवा संघ सुरू केला, अवघ्या चार खाटांवर. लहान वयात वैधव्य आलेली एक बाई परिचारिकेचं शिक्षण घेते आणि इतर बायांच्या बाळंतपणाची सोय करते, ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती. पण ही सोय शहरातली. धारणीहून अमरावतीला आजही हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाटातला दीडशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आहे. ‘रेफर केलं’ या दोन शब्दांत तो सगळा रस्ता येतो.

मेळघाट बातम्यांत आला 1992-93 च्या पावसाळ्यांनंतर, तिथल्या कोरकू आदिवासी मुलांच्या मृत्यूंमुळे. पत्रकार शीला बारसे यांनी 1993 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर सरकारने 1995 च्या सुमारास आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आणली. 2007 साली मेळघाटातल्या कुपोषणाबद्दल डॉ. राजेंद्र बर्मा यांची याचिका दाखल झाली, पुढे इतरांच्या याचिका तिला येऊन मिळाल्या, आणि 2022 सालीही त्यावर सुनावणी चालूच होती. पंधरा वर्षं. त्या पहिल्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर दहावीत पोचलं असणार, जगलं असेल तर.

या सगळ्या वर्षांत सरकारी उत्तराचा एक साचा टिकून राहिला. मूल कुपोषणाने गेलं नाही, न्यूमोनियाने गेलं, जंतुसंसर्गाने गेलं, कमी वजनाचं होतं म्हणून गेलं. कागदावर हे खरंच असतं. कमी वजनाचं बाळ कमी वजनाच्या आईला होतं, ती आई गरोदरपणात नीट जेवलेली नसते, तिचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, कमी असतं, आणि त्या अशक्त बाळाला साधा न्यूमोनियाही पेलवत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र शेवटची पायरी तेवढी लिहिली जाते. 2015 च्या अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बाईला अंगणवाडीतून एक वेळचं पूर्ण जेवण सुरू झालं, म्हणजे दाखल्याच्या आधीच्या पायऱ्या सरकारने उशिरा का होईना मान्य केल्या.

दुसरी अडचण मोजणीची. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. गरोदर बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाई दुसऱ्या जिल्ह्यात पाचटाच्या झोपडीत. तिकडे काही झालं तर ते कोणत्या गावच्या हिशेबात धरायचं? महाराष्ट्राचा माता मृत्यू दर 2018-20 च्या नमुना नोंदणीत लाख जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. ही खरोखर अभिमानाची घट आहे. 2001-03 साली राज्याचा हाच दर 149 होता. पण तो दर राज्याचा आहे, तालुक्याचा नाही. पुण्या-मुंबईच्या सरासरीत चिखलदरा दिसेनासा होतो.

मोजणीचं काम कसं करावं हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावागावांत जन्म आणि मृत्यू नोंदवले, घरी जाऊन मृत्यूचं कारण विचारलं. मग 39 गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायांना शिकवलं. श्वास कसे मोजायचे, बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कधी द्यायचं, हे त्या करू लागल्या. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्यू दर हजारी 62 वरून 25 वर. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर ही घट 62 टक्के भरली. 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने राज्यात प्रत्यक्षात मरणारी बालकं सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे दाखवलं. सरकारला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली आणि 2005 साली कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम 2011 पासून देशभरातल्या आशाताईंकडे आलं. सभागृहातल्या प्रश्नांना आकड्यांचं बळ मिळालं ते अशा गावच्या वह्यांमुळे.

आता चुकीची किंमत. डॉक्टरच्या हलगर्जीपणाने बाळंतीण गेली तर घरच्यांना काय मिळतं? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै 1963 मध्ये एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये पुन्हा मान्य केले. सरकारी डॉक्टरच्या चुकीला सरकार जबाबदार, हे त्या निकालाने पक्कं झालं. त्याला 33 वर्षं लागली.

याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) वकिलाशिवायही जाता येतं, मोठी कोर्ट फी नसते. दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट गरिबाला सोपी. पण त्याच निकालात एक मर्यादा आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या दवाखान्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र त्यातून बाहेर. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाची सगळी रुग्णालयं मोफत केली. हा निर्णय गरिबाच्या सोयीचाच आहे आणि त्याचं स्वागतच करायला हवं. फक्त 1995 च्या तर्काने पाहिलं तर तक्रारीची सोपी वाट त्याच गरिबासाठी आणखी बंद झाली, आणि याकडे सभागृहात कोणाचं तरी लक्ष जायला हवं. दगावलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांना उरतो तो दिवाणी दावा, नाहीतर नागपूर खंडपीठात रिट याचिका.

भरपाईचा हिशेब मृताच्या कमाईवर होतो, हा दुसरा पेच. कोलकात्याच्या एका प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 5 कोटी 96 लाख रुपये दिले. गेलेली बाई अमेरिकेत राहणारी बालमानसशास्त्रज्ञ होती. हंगामात वेचणीला आणि उरलेल्या दिवसांत घरात राबणाऱ्या बाईच्या कमाईचा कागद कुठून आणायचा? म्हणून खेड्यात भरपाई बहुधा येते ती मुख्यमंत्र्यांच्या घोषणेतून, बातमी मोठी झाली तर.

भंडाऱ्यात तसंच झालं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. रुग्णालयातच जन्मलेल्या बाळांच्या बाजूची सात बाळं वाचली. बाहेरून आणलेल्या बाळांच्या कक्षातली दहा गेली. बाहेरून आणलेली म्हणजे खेड्यापाड्यांतून, ‘तिथे मशीन आहे, वाचेल’ या आशेने पाठवलेली. राज्याने प्रत्येक कुटुंबाला 5 लाख रुपये जाहीर केले, चौकशी झाली, काही जणांचं निलंबन झालं, आणि राज्यभरातल्या रुग्णालयांच्या आगसुरक्षेची तपासणी त्यानंतर ऐरणीवर आली. एखाद्या तालुक्यात वर्षभरात एकेक करून दहा बाळं जातात तेव्हा असं काही होत नाही.

बालसंरक्षणाचा धागा यात अलीकडे गुंफला गेला. एप्रिल 2022 मध्ये याच मेळघाटच्या याचिकेत सरकारने उच्च न्यायालयाला सांगितलं की 16 आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत 15,253 बालविवाह झाले. कुपोषणाच्या खटल्यात बालविवाहाचा आकडा यावा हे बरोबरच होतं, कारण कमी वजनाच्या बाळाची आई अनेकदा स्वतःच मूल असते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलीच्या गरोदरपणाची खबर डॉक्टरने पोलिसांना द्यायलाच हवी. कायदा मुलीच्या रक्षणासाठी आहे. गावात मात्र त्याचा अर्थ असा पोचतो की दवाखान्यात गेलं तर नवरा तुरुंगात जाईल. मग वय वाढवून सांगितलं जातं, नाहीतर नाव नोंदवलंच जात नाही. सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव खबरीत न देण्याची मुभा डॉक्टरला दिली. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीबद्दल तो निकाल बोलत नाही. ती सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत घरातच लपून राहते, लोहाच्या गोळ्या आणि तपासण्या चुकतात, आणि कळा सुरू झाल्यावर फोन जातो तेव्हा ‘गाडी येऊन राहिली’ एवढंच उत्तर मिळतं.