फॉरमॅट केल्याने विंडोजचं लायसन्स जात नाही

ठाण्यात जुना लॅपटॉप विकायला काढा, नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट करू नका, लायसन्स उडेल. हे चूक आहे. या समजापायी लोक घरचे फोटो, बँकेचे पासवर्ड तसेच ठेवून मशीन परक्याच्या हाती देतात, याचीच मला काळजी वाटते.

विंडोज ८ पासून (२०१२), कंपनीने विंडोज घालूनच विकलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) साधारणपणे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. डिस्क पुसा, विंडोजची तीच आवृत्ती (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) पुन्हा टाका. इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. हे लायसन्स मशीनबरोबर नव्या मालकाकडे जातं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, पण आधी जुन्यावरून काढून. तेव्हा विकण्यापूर्वी रीसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही चालू करा.