मॅन्युअल गिअरची गाडी उभी करून ठेवणे

चालक जवळ नसताना मॅन्युअल गिअरची मोटारगाडी जागची हलू नये, अशा बेताने ती बंद करून ठेवण्याची पद्धत. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ (पार्किंग) निवडले की गिअरबॉक्समधला एक पोलादी अडसर चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या खाचेत बसतो आणि गाडी अडकते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये असा अडसर नसतो. त्यामुळे गाडी धरून ठेवण्याचे काम हँडब्रेक, गिअरमध्ये गुंतवलेले बंद इंजिन आणि उतारावर पुढच्या चाकांची दिशा अशा तिघांवर सोपवावे लागते. सपाटीवर नुसत्या हँडब्रेकवर भागते हे खरे, पण डोळ्यांना सपाट दिसणारी जागा पुष्कळदा तशी नसते. म्हणून हँडब्रेक आणि गिअर ही जोडी कुठेही मोडू नये.

यात मुख्य भार हँडब्रेकने घ्यायचा असतो. बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन चाकांवर चालतो. सिट्रोएन डीएस आणि साब ९९ सारख्या काही जुन्या गाड्यांत तो पुढच्या चाकांवर होता. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तर नेहमीचा दांड्याचा हँडब्रेक तारेच्या ओढीवर. तेल गळाले तरी तारेला फरक पडत नाही, म्हणूनच तासन्‌तास गाडी धरण्याचे काम तारेकडे दिलेले असते. मोटारींच्या ब्रेकसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३-एच नुसार पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर या ब्रेकने जागीच धरली पाहिजे, आणि हाताने ओढायला ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. २० टक्के म्हणजे साधारण ११ अंशांचा चढ. अशा उतारावर १,२०० किलोच्या गाडीला खाली खेचणारे बल सुमारे २,३०० न्यूटन असते, म्हणजे जवळजवळ २३५ किलो वजनाएवढे. एवढी ओढ दोन चाकांचे ब्रेक पेलतात ते तार ताणलेली आणि लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) शाबूत असतील तरच. पूर्वीपेक्षा दांडा जास्त वर येऊ लागला, तर तार सैल झाली आहे किंवा लायनर झिजले आहेत असे समजावे आणि दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

तापलेल्या ब्रेकची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. लांब उतार उतरून आल्यावर मागच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) तापून किंचित जाड झालेल्या असतात. जिथे हँडब्रेक थेट डिस्कवर पकड घेतो, तिथे डिस्क निवताना आक्रसते आणि पकड ढिली पडते. गाडी उभी करताना पक्की वाटते आणि बऱ्याच वेळाने, कोणी आसपास नसताना, सुटते. ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे जिथे पट्ट्या फिरत्या डब्याला आतून दाबतात तिथे, उलटे घडते. ड्रम निवताना आतल्या पट्ट्यांवर आवळला जातो. म्हणून डिस्कच्या गाडीत ब्रेक गरम असतील तर दांडा एखादी खाच जास्त ओढावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवलीच पाहिजे. २००१ च्या सुमारास बाजारात आलेल्या बटणाच्या विजेरी हँडब्रेकपैकी अनेकांत थोड्या वेळाने पकड आपोआप पुन्हा आवळण्याची सोय असते.

आता गिअर. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच सोडला, की चाके आणि इंजिन एकमेकांना जोडली जातात. चाक फिरायचे तर इंजिन फिरावे लागते, आणि त्यासाठी कुठल्या तरी सिलिंडरमधली हवा दाबली जावी लागते. हा दाबाचा विरोध गाडी धरतो. तो किती उपयोगी पडेल हे गिअरवर ठरते. पहिल्या गिअरचे प्रमाण साधारण साडेतीन आणि डिफरन्शियलचे (इंजिनाची ओढ दोन चाकांत वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांचे) चार धरले, तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला चौदा फेरे मारावे लागतात. वरच्या उदाहरणातल्या गाडीत चाकांवर येणारा सुमारे ७०० न्यूटन-मीटरचा पीळ इंजिनापाशी पोहोचेपर्यंत ५० वर येतो. तीच गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवली तर २०० हून अधिक न्यूटन-मीटर इंजिनावर पडतात आणि ती सरळ घरंगळते. त्यामुळे पर्याय दोनच उरतात, पहिला गिअर किंवा रिव्हर्स. दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे असते.

पण दाबलेली हवा कायम कोंडून राहत नाही. ती पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हळूहळू निसटते, इंजिन थोडे वळते, पुढचा सिलिंडर दाबाला येतो, आणि गाडी थांबत थांबत सरकत राहते. जुन्या, रिंग झिजलेल्या इंजिनात हे लवकर घडते. डिझेल इंजिनात दाब जास्त म्हणून पकडही जास्त, तरी तत्त्व तेच. तेव्हा खड्या उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडी सोडणे हा धोकाच आहे. गिअर मागचा राखीव गडी म्हणून अमोल आहे. विशेषतः गाडीत खेळता खेळता एखाद्या मुलाने हँडब्रेक सोडला तर.

पहिला की रिव्हर्स, याचे उत्तर गाडीचे तोंड कुठे आहे यावर आहे. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. यामागचे सगळ्यात पटण्याजोगे कारण असे: पुढच्या वेळी कोणी चुकून गिअरमध्येच स्टार्टर मारला, तर गाडी चढाच्या दिशेने उसळेल, उतारावर सुटणार नाही. सपाटीवर दोन्ही चालतात. साबने आपल्या ९९ आणि ९०० या मॉडेलांत हा प्रश्न यंत्रावरच सोडला होता. किल्लीची जागा दोन आसनांच्या मधे, आणि मॅन्युअल गाडीत रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघायचीच नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी, क्लच दाबून न्यूट्रल करावे, हँडब्रेक पूर्ण ओढावा. मग पायाचा ब्रेक हलकेच सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्यावे. ती तसूभर हलून थांबते. थांबली नाही तर पाय पुन्हा ब्रेकवर आणि दांडा आणखी वर. त्यानंतर ब्रेक दाबून इंजिन बंद करावे, गिअर टाकावा, क्लच सोडावा आणि शेवटी ब्रेकवरचा पाय काढावा. घाईत पुष्कळ जण आधी गिअरमध्ये गाडी सोडतात आणि मग हँडब्रेक ओढतात. तेव्हा सारा भार गिअरवर बसलेला असतो. निघताना गिअर अडकून बसतो, जोर लावून काढावा लागतो आणि सुटताना गाडीला गचका बसतो. गिअरबॉक्स त्याने लगेच मोडत नाही, पण हँडब्रेक नीट धरतो की नाही हे मात्र अशा चालकाला कधीच कळत नाही.

उतारावर चाके वळवून ठेवणे हा तिसरा आधार. रस्त्याला फुटपाथची कड असेल आणि तोंड उताराकडे असेल, तर पुढची चाके कडेकडे वळवावीत. तोंड चढाकडे असेल तर कडेपासून दूर, म्हणजे गाडी मागे सरकली की पुढच्या टायरचा मागचा भाग कडेला टेकतो. कड नसेल तर चढ असो वा उतार, चाके रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला वळवावीत, म्हणजे सुटलेली गाडी रहदारीत न जाता रस्त्याबाहेर जाईल. मात्र बाहेरच्या बाजूला दरी असेल तर हा नियम उलटा घात करील. तिथे गाडी डोंगराच्या अंगालाच उभी करावी आणि चाके डोंगराकडे वळवावीत. चाके गाडी हळू सरकत असतानाच वळवावीत. उभ्या गाडीत जागच्या जागी पिळल्याने टायर आणि स्टिअरिंग दोन्हींवर ताण येतो.

खडा उतार, भरलेली गाडी किंवा कमकुवत हँडब्रेक असेल तर चाकाला ठोकळा किंवा मोठा दगड लावावा, आणि तो उताराकडच्या बाजूने टायरला भिडलेला असावा. चाक बदलताना तर ठोकळ्याला पर्यायच नाही. डिफरन्शियलमुळे इंजिनाने फिरणारे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरू शकते, आणि मग त्याच्या जोडीचे जमिनीवरचे चाकही गिअर धरून ठेवू शकत नाही. ओल्या गवतावर किंवा बर्फावरही हाच दोष उद्भवतो. इंजिन मागची चाके फिरवते अशा गाडीत तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही त्याच दोन चाकांना धरतात, त्यामुळे ती चाके घसरली की दोन्ही आधार एकदम जातात.

हँडब्रेक मुद्दाम न ओढण्याचे प्रसंगही आहेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पट्ट्या गंजून ड्रमला चिकटतात. कडाक्याच्या थंडीत तारेच्या वेष्टनात शिरलेले पाणी गोठून ब्रेक सुटत नाही. अशा वेळी सपाट जागा शोधावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. जागा निवडताना खालीही पाहावे. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) गाडी धावून आल्यावर इतका तापलेला असतो की सुकलेल्या उंच गवताला आग लागू शकते.

गिअरमध्ये ठेवलेली गाडी सुरू करताना आधी ब्रेक आणि क्लच दाबावा, गिअर न्यूट्रलला आणावा, दांडा डावी-उजवीकडे मोकळा हलतो का ते पाहावे आणि मगच स्टार्टर मारावा. अनेक नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. जुन्या गाड्यांत ही सोय नसते. त्यांत खिडकीतून हात घालून किल्ली फिरवणाऱ्याची गाडी उडी घेते, आणि समोर उभ्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. गाडी कोणाच्या हाती देताना ‘गिअरमध्ये आहे’ एवढे तोंडाने सांगावे.