अनेक-ते-अनेक संबंध आणि त्यावरील क्वेरी

रिलेशनल डेटाबेसमधील, म्हणजे माहिती परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांत ठेवणाऱ्या संग्रहातील, दोन कोष्टकांपैकी प्रत्येकातील एकेका नोंदीचा दुसऱ्या कोष्टकातील अनेक नोंदींशी संबंध येऊ शकत असेल, तर त्यास अनेक-ते-अनेक संबंध म्हणतात. गोव्यातील भजनी परंपरेत हा संबंध सहज दिसतो : एकच पखवाजवादक मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा अनेक देवळांत साथ करतो आणि प्रत्येक देवळात अनेक कलाकारांची हजेरी लागते.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात एका रकान्यात एकच मूल्य ठेवणे अभिप्रेत आहे; म्हणून कलाकाराच्या ओळीत देवळांची यादी स्वल्पविराम देऊन कोंबता येत नाही. ‘कलाकार’ आणि ‘देऊळ’ यांच्या जोडीला ‘सेवा’ हे तिसरे कोष्टक, म्हणजेच जंक्शन टेबल, करावे लागते. त्यातील ‘कलाकार ७, देऊळ ३, पखवाज’ ही ओळ एक हजेरी सांगते; ७ आणि ३ हे त्या-त्या कोष्टकातील नोंदींचे क्रमांक. वाद्याचा रकाना इथेच शोभतो, कारण तोच कलाकार दुसऱ्या देवळात हार्मोनियमवर बसलेला असू शकतो. एकाच देवळात पुन्हा सेवा होणार असेल, तर कलाकार आणि देऊळ यांच्यासोबत तारीखही प्रायमरी कीमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणाऱ्या रकान्यांत, घ्यावी लागते.

मंगेशीला कोणी साथ केली, हे क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, दोन जॉइन लावून, म्हणजे तिन्ही कोष्टकांच्या जुळणाऱ्या ओळी जोडून, मिळते. खरी कसोटी ‘मंगेशी आणि कवळे या दोन्ही ठिकाणी कोणी साथ केली’ या प्रश्नाची आहे. नवशिका क्वेरीच्या ‘व्हेअर’ (ओळी निवडण्याची अट) या भागात दोन्ही अटी ‘अँड’ने जोडतो आणि उत्तरात एकही ओळ येत नाही, कारण ‘व्हेअर’ एका वेळी एकच ओळ तपासते आणि एका ओळीत एकच देऊळ असते. बोलण्यातला ‘आणि’ इथे अनेक ओळींच्या गटाबद्दल असतो. त्यामुळे ‘इन’ने दोन्ही देवळांच्या ओळी निवडून, ‘ग्रुप बाय’ने त्यांचे कलाकारवार गट पाडून, ‘हॅविंग’ या गटांवरील अटीत देवळांची संख्या २ आहे का हे पाहावे लागते. ही मोजणी पुनरावृत्ती वगळणाऱ्या ‘डिस्टिंक्ट’नेच करावी, अन्यथा मंगेशीलाच दोनदा वाजवलेला कलाकार यादीत शिरतो.

‘कवळ्याला कधीच न गेलेले कलाकार’ शोधताना ‘कवळे नसलेल्या ओळी’ मागणेही तितकेच चुकीचे ठरते, कारण कवळे आणि मंगेशी दोन्हीकडे गेलेला कलाकार मंगेशीच्या ओळीमुळे उत्तरात येतो, तर कुठेच न गेलेला गळतो. त्यासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरतात; ते त्या कलाकाराची कवळ्याची एकही ओळ नाही ना, हे तपासते.