मान हलली की झाड सरकायला हवं

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी एका खोलीत खिडकीच्या जागी भला मोठा प्लाझ्मा टीव्ही बसवला. खऱ्या खिडकीतून जे दिसे, तेच कॅमेऱ्यातून त्यावर थेट दिसत होतं: कारंजं आणि झाडं. 90 जणांना थोडा ताण दिला आणि हृदयाचे ठोके किती लवकर ताळ्यावर येतात ते मोजलं. काचेच्या खिडकीजवळ बसलेल्यांचे लवकर आले. टीव्हीसमोर बसलेल्यांचे? कोऱ्या भिंतीसमोर बसलेल्यांसारखेच. हा अभ्यास 2008 सालचा.

खिडकीशी मान जरा कलती केली की खांबाआडचं झाड बाहेर डोकावतं. पडद्यावर कितीही वाकून बघा, झाड ढिम्म. हा फरक आपण मुद्दाम टिपत नाही, पण मेंदूला तो कळत असावा.

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्याचा, कस लागतो तो इथेच. 2020 साली इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात 96 जणांना आधी चक्क कंटाळा आणवला; एक माणूस कार्यालयीन साहित्याच्या कंपनीतल्या आपल्या कामाचं वर्णन करतोय, असा व्हिडिओ दाखवून. (प्रयोगातला सगळ्यात क्रूर भाग हाच!) मग समुद्रातली प्रवाळभित्तिका दाखवली: कुणाला टीव्हीवर, कुणाला 360 अंशांच्या व्हिडिओत, तर कुणाला हालचालींना प्रतिसाद देणाऱ्या, संगणकाने रचलेल्या व्हीआरमध्ये. कंटाळा आणि उदासी तिन्हींनी घालवली, साध्या टीव्हीनेसुद्धा. पण मन प्रसन्न झालं आणि निसर्गाशी जवळीक वाढली ती फक्त तिसऱ्या गटात. म्हणजे गंमत अशी, की खऱ्या चित्रीकरणापेक्षा खोटा पण दाद देणारा समुद्र सरस ठरला.

हेडसेटने काहींना मळमळतं. डोळे सांगतात चाललोय, कानातला तोल सांगतो बसलोय. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना होतं तेच, फक्त उलट्या बाजूने.

आणि आवाज? स्वीडनमधल्या 2013 च्या एका छोट्या प्रयोगात ताणानंतर आभासी जंगलात बसवलेल्यांपैकी, पाखरं आणि पाणी ऐकू येत होतं त्यांचं शरीर सैलावल्याच्या खुणा दिसल्या. तेच जंगल आवाजाविना पाहणाऱ्यांत त्या दिसल्या नाहीत. मला याचं नवल वाटलं नाही. रातकिडे एकदम गप्प झाले, की रानातला माणूस आधी मागे वळून बघतो.